बीएस्सीची पोरं दुसऱ्या वर्षी कुठं जातात? पदवी, नोकरी आणि मधली गळती

खासबाग_कट्टा (धागाकर्ता)

जूनमध्ये प्रवेशाच्या याद्या लागल्या की कटऑफ आणि फी यांवर शंभर प्रतिसाद पडतात. पोरगं तीन वर्षं टिकेल का, यावर एकही पडत नाही. म्हणून हा वेगळा धागा.

पदवी आणि तिच्यानंतरचं काम यांच्यातला दुवा किती घट्ट आहे, यावर मुलं टिकण्या-सुटण्याचं गणित बरंचसं अवलंबून असतं. पण दुवा घट्ट म्हणजे गळती कमी, इतकं ते सरळ नाही. दुवा नेमका कशाशी बांधलाय ते बघावं लागतं.

काही कामांना कायद्यानंच ठरावीक पदवी किंवा पदविका लागते. औषध देण्याचं काम फार्मसी कायदा १९४८, कलम ४२ प्रमाणे नोंदणीकृत फार्मासिस्टचंच. वकिली, नर्सिंग, बीएड ही त्याच घरातली. काही कामांना पदवी लागते पण विषय कुठलाही चालतो: पीएसआय, एसटीआय (विक्रीकर निरीक्षक), बँकेतला क्लार्क. आणि काही कामांना पदवी लागतच नाही. पोलीस शिपाई बारावीवर, अग्निवीर जनरल ड्यूटी दहावीवर, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतला सीएनसी ऑपरेटर आयटीआयवर.

बीए-बीकॉम-बीएस्सीचा विद्यार्थी या तिन्ही दारांसमोर एकाच वेळी उभा असतो. तिसरं दार दुसऱ्या वर्षातच उघडलं तर तो जातो. आपण मात्र 'अभ्यास झेपला नाही' असा शेरा मारून मोकळे.

गळतीचे अमेरिकी अभ्यासक विन्सेंट टिंटो यांची १९७५ ची मांडणी शिक्षणशास्त्रवाल्यांना पाठ असते: विद्यार्थी कॉलेजात अभ्यासानं आणि माणसांनी जितका मिसळतो तितका टिकतो. खरंच आहे, पण त्यात कॉलेजच्या फाटकाबाहेरचं दार फारसं दिसत नाही. समाजशास्त्रज्ञ थॉमस डिप्रेट आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अमेरिका, जर्मनी, फ्रान्स यांच्यात शिक्षण आणि व्यवसाय यांचा दुवा मोजला. त्यातली आपल्या कामाची गोष्ट अशी की देशादेशांत फरक आहेच, शिवाय एकाच देशात विषयाविषयांतही दुव्याची घट्टता कमी-जास्त असते. म्हणजे 'भारतात शिक्षणाचा नोकरीशी संबंध नाही' हे ठरलेलं वाक्य इथं नको. विषय धरून बोला.

निकालपत्रक

धागा चांगला आहे. पण आधी गळती मोजायची कशी ते ठरवू, कारण नव्वद टक्के भांडणं तिथंच होतात. (हे नव्वद टक्के तोंडचे आहेत, कुणी आकडेवारी म्हणून उचलू नका.)

एफवायची (पहिल्या वर्षाची) पटसंख्या घ्यायची, दोन वर्षांनी टीवायची (तिसऱ्या वर्षाची) घ्यायची आणि वजाबाकी करायची, ही पद्धत चुकीची. वर्गाची बेरीज धरू नका, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) धरा. एका वर्षी पहिल्यांदा प्रवेश घेतलेल्यांचे पीआरएन एका रकान्यात. पुढच्या प्रत्येक सत्राला परीक्षा फॉर्म भरला का, एवढंच समोर 'हो/नाही'. फीची पावती धरू नका. फी भरलेली असते आणि मुलगा नसतो.

मग चार गोष्टी वेगळ्या काढायच्या.

'पार्किंग'वाले. सीईटी देऊन कॅप राउंडची (केंद्रीय प्रवेश फेरीची) वाट बघणारी मुलं बीएस्सीला जागा धरून ठेवतात आणि अॅलॉटमेंट लागली की दाखला काढून जातात. ही गळती नव्हे, बदली आहे. पहिल्या सत्राचा परीक्षा फॉर्म भरायच्या आधी गेलेले सगळे वेगळ्या रकान्यात टाका. तुमचा अर्धा धक्का तिथंच ओसरेल.

थेट दुसऱ्या वर्षी येणारे. डिप्लोमावाल्यांना इंजिनिअरिंगला मंजूर क्षमतेच्या १० टक्के जादा जागा, शिवाय पहिल्या वर्षाच्या रिकाम्या जागा मिळतात. समजा पहिल्या वर्षी ६० होते, त्यातले १४ अडकले आणि दुसऱ्या वर्षी १२ डिप्लोमावाले आले. वर्गात ५८ डोकी. कागदावर गळती दोन, खरी चौदा. या एका कारणानं इंजिनिअरिंगची गळती नेहमी कमी दिसते आणि बीएस्सीची जास्त.

वायडी, म्हणजे वर्ष वाया गेलेले. हे सुटलेले नसतात, थांबलेले असतात. सलग दोन सत्रं परीक्षा फॉर्म नाही, तरच 'सुटला' म्हणा.

आणि राहिलेल्या विषयांची एटीकेटी घेऊन पुढच्या वर्गात बसलेले. हे टिकलेलेच. पण त्यांच्यावर वेगळी खूण करा. पुढचे सुटणारे बरेचसे याच यादीतून निघतात.

एवढं केल्याशिवाय कुठल्या विषयाची गळती जास्त हे बोलूच नये.

उजळाई_नोंदी

बरोबर. दुवाही तसाच मोजता येतो, त्याला संशोधक लागत नाही. तीन-चार वर्षांपूर्वी पास झालेल्या तुकडीतले ४० जण फोनवर गाठा. आत्ता काय काम करता, एवढाच प्रश्न. कंपनीचं नाव नको, काम लिहा. मग बघा, सगळ्यांत जास्त आलेल्या तीन प्रकारच्या कामांत मिळून किती जण बसतात. ४० पैकी ३० बसले तर दुवा घट्ट. १२ बसले आणि बाकीचे २८ जण वीस प्रकारच्या कामांत विखुरले तर दुवा सैल.

इथं एक चूक हमखास होते. गाठणारा आधी व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारतो, आणि ग्रुपवर उत्तर देतात ते नोकरी लागलेलेच. हजेरीपटातून दर तिसरं नाव उचला आणि त्यालाच गाठा, मग फोन चार वेळा करावा लागला तरी.

दुसरी चूक: 'सुपरवायझर' एवढंच लिहून सोडणं. दूध संकलनाचा सुपरवायझर आणि फौंड्रीतल्या शिफ्टचा सुपरवायझर ही दोन वेगळी कामं आहेत.

वडाप

वाचतोय. मग बीएस्सी केमिस्ट्रीला जाऊच नये का?

साच्यातली_वाळू

जावा की! कोण नको म्हणतंय? केमिस्ट्रीचा दुवा कोल्हापुरात सैल दिसतोय, पण तो सैल नाही, झाकलेला आहे. पोरांना तो कुणी दाखवतच नाही.

फौंड्रीचं, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचं घ्या. उद्यमनगरपासून शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगलेपर्यंत जिथं ग्रीन सँडचं (ओलसर वाळूचे साचे करायचं) मोल्डिंग आहे तिथं वाळू तपासायला माणूस लागतोच. काम काय? मिक्सरखालची वाळू घ्यायची, ओलावा बघायचा, कॉम्पॅक्टेबिलिटी (वाळू किती दबते) बघायची, ५० मिमी व्यासाचा आणि ५० मिमी उंचीचा नमुना रॅमरच्या तीन ठोक्यांत करायचा, त्याची पर्मिएबिलिटी (हवा किती आरपार जाते) आणि ग्रीन स्ट्रेंग्थ (ओल्या वाळूची ताकद) घ्यायची. ओलावा साधारण ३ ते ४ टक्के, कॉम्पॅक्टेबिलिटी चाळिसाच्या आसपास, पुढचं लाइनप्रमाणं बदलतंय. पाणी जास्त झालं की कास्टिंगमध्ये वायूची भोकं, ब्लोहोल आणि पिनहोल. कमी झालं की कडा ढासळून वाळू साच्यात पडती आणि कास्टिंग रिजेक्ट. शेजारच्या खोलीत धातूत काय किती आहे ते मोजणारा स्पेक्ट्रो असतोय: कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस.

आता हे शिकायला बीटेक लागतंय का? नाही. ज्याला टायट्रेशन नीट येतंय आणि जो आकडा आला तसा लिहितोय, सोयीचा लिहीत नाही, त्याला पंधरा दिवसांत येतंय. पण बीएस्सीच्या दुसऱ्या सत्रातल्या पोराला विचारा, केमिस्ट्री घेऊन काय होतंय. तो सांगतोय 'एमएस्सी, नाहीतर बीएड'. या दोनांतलं काहीच नको असलं की त्याच्या लेखी विषयाला पुढं रस्ता नाही. मग सुटतोय.

साखर कारखान्याचंही तेच. रसाचा ब्रिक्स (विरघळलेले घन पदार्थ) १८ आला, पोल (त्यातली साखर) १५.३ आला, तर प्युरिटी ८५. पोल भागिले ब्रिक्स गुणिले शंभर, संपलं. हे गणित पहिल्या वर्षाच्या पोराला जमतंय. पण एक गोम आहे. हंगाम दिवाळीच्या आगंमागं सुरू होतोय, म्हणजे विषम सत्राच्या परीक्षेच्या तोंडावर. लॅबला हंगामी माणूस हवाच असतोय. पोरगं 'चार महिने जाऊन येतो' म्हणतंय आणि परीक्षा फॉर्मची तारीख निघून जातीया. दुवा खरा, पण वेळ चुकीची. असल्या दुव्यानं पोरगं टिकत नाही, उलट बाहेर ओढलं जातंय.

खासबाग_कट्टा

वाळूदादा, शेवटचं नेमकं सांगितलंत. मी याला 'ओढणारा दुवा' आणि 'धरणारा दुवा' म्हणेन. काम तेच असतं. ते पदवीच्या आत श्रेयांकात (क्रेडिटमध्ये) बसवलं तर धरतं, बाहेर ठेवलं तर ओढतं.

पाटी_पेन्सिल

म्हणूनच नव्या आराखड्यात काम कुठल्या सत्राला आलंय ते बघा. राज्यात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून एनईपीचा (राष्ट्रीय शिक्षण धोरणाचा) आराखडा आहे. त्यात ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) ४ श्रेयांकांचं, साधारण १२० तास, आणि ते आहे सहाव्या सत्रात. सुटणारी मुलं मात्र दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात सुटतात. दुवा दिसेपर्यंत ज्याला दाखवायचा तोच वर्गात नसतो.

ओजेटीची वाट बघू नका. पहिल्या वर्षी व्हीएससी (व्यावसायिक कौशल्याचा विषय) आणि एसईसी (कौशल्यवृद्धीचा विषय) असतात, २-२ श्रेयांकांच्या. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक ३० तासांचा, म्हणजे २ श्रेयांकांना ६० तास: पंधरा आठवडे, आठवड्याला चार तास, एका दुपारचं काम. वाळूदादांनी सांगितलेली वाळूची चाचणी यात सहज बसते. रॅमर, पर्मिएबिलिटी मीटर आणि ओलाव्याचं यंत्र कॉलेजला घ्यायची गरज नाही. आठ-आठ मुलांचे गट करून महिन्यातून दोनदा कारखान्यात न्यायचे, बाकीच्या दुपारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नमुना आणून काम. साखरेचं करायचं तर व्हीएससी दुसऱ्या सत्रात ठेवा, हंगाम चालू असतो आणि परीक्षा लांब असते.

हे फसतं कशामुळं तेही सांगते. व्हीएससी कुठली घ्यायची हे ठरतं कुठल्या शिक्षकाचा कार्यभार कमी आहे त्यावर. मग 'ऑफिस ऑटोमेशन' सगळ्यांना. त्यात वाईट काही नाही, पण केमिस्ट्रीच्या मुलाला केमिस्ट्री सोडून जायचं आणखी एक कारण मिळतं.

कागदी_होडी

थोडा विरोधी सूर लावतो. घट्ट दुव्याचं फारच कौतुक चाललंय. घट्ट दुव्याला परतीचा रस्ता नसतो, हे कुणी बोललं नाही.

डीफार्म घ्या. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, वर किमान ५०० तासांचं प्रशिक्षण, आणि २०२२ च्या नियमांनी नोंदणीआधी एक्झिट परीक्षा. सगळं जमलं तर मेडिकल दुकानाचं दार उघडं. पण पहिल्याच वर्षी कळलं की हे आपलं नव्हे, तर त्या विषयांचे गुण दुसरीकडे कुठंही वळत नाहीत. बीए-बीकॉमचं मूल मायनर (दुय्यम विषय) बदलून, ओपन इलेक्टिव्ह बदलून वाट काढतं. इथं एकच वाट: पुढं जा नाहीतर शिक्षणच सोड. घट्ट दुव्याच्या अभ्यासक्रमांत सुटणारे कमी असतील, पण सुटलेला पुन्हा दुसरीकडे प्रवेश घेईल याची शक्यताही कमी. पैसे संपलेले असतात आणि घरचा धीरही.

आणि दुवा घट्ट पण दारच बंद, असंही होतं. डीएडचं काय झालं आठवा. डीएड आणि प्राथमिक शिक्षक यांच्याइतका घट्ट दुवा दुसरा नव्हता. २०१० च्या भरती-सीईटीनंतर भरती वर्षानुवर्षं थांबली आणि डीएडचे वर्ग ओस पडले, विद्यालयं बंद झाली. सैल दुव्याच्या बीएला असला झटका कधी बसला नाही, कारण तिला पडायला तेवढी उंचीच नव्हती.

पाटी_पेन्सिल

शेवटचं वाक्य बीएवर अन्याय करणारं आहे, पण डीएडचा मुद्दा मान्य. फक्त एक भर. बीएचा दुवा अलीकडेच थोडा आवळलाय. राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, तिच्यात वैकल्पिक विषयाचे प्रत्येकी २५० गुणांचे दोन पेपर आले. इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, मराठी साहित्य घेऊन बीए करणाऱ्याला 'विषयाचा काय उपयोग' याचं उत्तर आता मिळालं. आधी पर्यायी उत्तरांच्या परीक्षेत पदवी कशात आहे याला महत्त्वच नव्हतं.

पण हे दाखवताना जपून. एमपीएससी हे एकच टोक दाखवलं तर मुलं दुसऱ्या वर्षापासून वर्ग सोडून अभ्यासिकेत बसतात. पूर्वपरीक्षेला शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी बसू शकतो, मुख्य परीक्षेला पदवी हातात लागते. कित्येकांचं पाचव्या सत्राचं एटीकेटी तिथं आडवं येतं. हे वेळापत्रक एफवायच्या पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहावं.

मैदान_पहाटे_साडेपाच

पोलीस भरतीचं कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. शारीरिक ५० गुण: मुलांना १६०० मीटर २० गुण, १०० मीटर १५, गोळाफेक १५. मग लेखी १००. जाहिरात निघाली की पहाटे मैदान, दिवसा लेखीचा क्लास, संध्याकाळी परत मैदान. कॉलेजला वेळ उरतच नाही. ७५ टक्के हजेरीचा नियम दाखवून काही होत नाही, त्याच्या डोक्यात हजेरी मैदानाची असते.

उपाय नियमात आहे, वापरत कुणी नाही. भरती निघाली तर त्या सत्रात हलके विषय ठेवा. एक सत्र थांबायचं असेल तर तसा अर्ज द्या. पण दाखला काढू नका. अग्निवीर झाला तर चार वर्षांनी चारांतले तीन परत येतात, पंचविशीच्या आसपास. त्या वेळी अर्धवट पदवी जोडून घेता आली तर फायदा. दाखला काढून, श्रेयांकांचा पत्ता नसताना परत आला तर पहिल्यापासून सुरुवात.

निकालपत्रक

दाखल्याचा मुद्दा लाख मोलाचा. कागद कसे ठेवायचे ते क्रमानं लिहितो.

सुटायच्या आधी एबीसीचं (श्रेयांक जमा ठेवणाऱ्या बँकेचं) खातं उघडलेलं आहे का बघा, अपार क्रमांक (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक) जोडलेला आहे का बघा. मग महत्त्वाचं: दिलेल्या सत्रांचे श्रेयांक खात्यात *दिसतात* का. खातं असतं आणि श्रेयांक शून्य असतात, कारण नावात फरक. आधारला 'पांडुरंग', गुणपत्रकावर 'पांडूरंग'. उकार ऱ्हस्व की दीर्घ, इंग्रजी स्पेलिंग कसं, आडनाव आधी की नंतर, यावर नोंद अडकते. हे कॉलेजात असताना एका अर्जाचं काम आहे. चार वर्षांनी ते सहा महिन्यांचं होतं.

पहिल्या वर्षानंतर बाहेर पडून प्रमाणपत्र हवं असेल तर पहिल्या वर्षाचे ४० ते ४४ श्रेयांक पूर्ण लागतात, वर ४ श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप. हे वरचे ४ लोक विसरतात. 'एक वर्ष झालं, प्रमाणपत्र द्या' म्हणून येतात आणि हात हलवत जातात. बाहेर पडल्यापासून तीन वर्षांत परत यायचं, एकूण सात वर्षांत पदवी पुरी करायची. अग्निवीरची चार वर्षं यात बसत नाहीत, हे लक्षात घ्या. त्यांनी परतायच्या खिडकीवर विसंबू नये. नोकरीत असतानाच मुक्त विद्यापीठातून किंवा शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून पुढची सत्रं करावीत.

उजळाई_नोंदी

मुलींबद्दल दोन ओळी. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट असतो. एफवायला तो संपतो. त्यात बीएस्सीचं प्रात्यक्षिक दुपारी उशिरा सुरू होऊन साडेपाचला सुटतं, आणि गावाची मुक्कामी गाडी गेली की घरचे म्हणतात 'कला शाखेला घाल, बारा वाजता सुटते'. यात विषय, आवड, दुवा कशाचाच संबंध नाही. लांबच्या मुलींची प्रात्यक्षिकाची तुकडी सकाळची लावणं हे काम प्रयोगशाळा सहायक आणि विभागप्रमुख दोघांत बसून अर्ध्या तासात होतं.

व्यावसायिक अभ्यासक्रमांत आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना जुलै २०२४ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. साध्या बीएस्सीला ती नाही. त्यामुळं घट्ट दुव्याकडं जाणारी वाट स्वस्त आणि सैल दुव्याची तुलनेनं महाग, असा उलटा हिशेब झालाय. पण सवलतीच्या ओढीनं नको त्या शाखेत गेलेली मुलगी पहिल्या वर्षाच्या गणितात अडकली की परत 'कागदी होडी' यांचाच मुद्दा येतो.

वडाप

म्हणजे केमिस्ट्री घ्यायची, व्हीएससी वाळूची किंवा साखरेची मिळते का आधी विचारायचं, दाखला काढायचा नाही. बरोबर?

साच्यातली_वाळू

बरोबर. आणि प्रवेश घेताना विभागात जाऊन विचारा, ऑफिसच्या खिडकीवर नको. खिडकीवर व्हीएससीचं नाव कळतंय, ती कोण आणि कुठं शिकवतोय ते कळत नाही. मागच्या वर्षीच्या पोरांच्या वह्या बघायला मागा. वहीत कॉम्पॅक्टेबिलिटीचे सगळ्या पोरांचे आकडे एकसारखे असतील तर समजा, वाळूला कुणी हात लावलेला नाही.

मैदान_पहाटे_साडेपाच

😄 गोळाफेकीच्या वहीतही तसंच असतंय.

निकालपत्रक

धागाकर्ते, पीआरएनचा तक्ता कसा आखायचा त्याचा नमुना हवा असेल तर इथंच टाकतो. सहा सत्रांचे सहा रकाने, सातवा 'कुठं गेला' असा ठेवा. तो सातवा रकाना फोन केल्याशिवाय भरायचा नाही.